डाळिंबाची साल परदेशी प्रयोगशाळेत पाठवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. सांगोला भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे डाळिंबाचे दाणे काढण्याचे युनिट आहे. रोज दोन टनांच्या आसपास भगवा जातीचे डाळिंब फोडले जाते, त्यातून नऊशे किलो ते टनभर साल निघते आणि ती ट्रॅक्टरने नेऊन ओढ्याकाठी टाकतात. स्पेनमधल्या एका विद्यापीठाचा मेल आला आहे: सालीपासून आरोग्यपूरक पावडर करण्याच्या संयुक्त संशोधनात याल का, आणि सुरुवात म्हणून पाच किलो वाळलेली साल कुरियरने पाठवाल का? संचालक विचारतात, पाठवायची का, आणि पुढे काय?

संशोधनात जरूर जा. पाच किलो साल मात्र आत्ता पाठवू नका. ती पाठवायला कायद्याने परवानगी लागते हे एक कारण. दुसरे कारण असे की ओढ्याकाठच्या ढिगातून उचलून उन्हात वाळवलेली साल तिथे पोचली, तर त्यांच्या यंत्रावर जो आकडा निघेल तो तुमच्या डाळिंबाचा नसेल, ढिगाचा असेल. अशा भागीदाऱ्या भांडणाने क्वचितच मोडतात. पहिला नमुना वाईट निघतो, समोरचे लोक सभ्यपणे ‘पुढे कळवतो’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून सालीपासूनच सुरुवात करू.

सालीत किंमत आहे ती मुख्यतः प्युनिकॅलाजिन या टॅनिनची. ताज्या सालीला जो तुरटपणा आहे तो बराचसा त्याचाच. त्याच्या जोडीला थोडे इलॅजिक ॲसिड, गॅलिक ॲसिड आणि इतर फिनॉलिक द्रव्ये असतात. प्युनिकॅलाजिन नाजूक आहे. पाण्यात, उष्णतेत किंवा आम्लात जास्त वेळ राहिले की तुटते आणि त्यातून इलॅजिक ॲसिड सुटे होते, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याशिवाय साल फुटताच तिच्यातले पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागते. वांगे चिरून ठेवल्यावर काळे पडते, तोच हा प्रकार. आतली पिवळट बाजू तपकिरी झाली की नुकसान सुरू झाले असे समजा.

त्यामुळे नियम एकच ठेवा: सोलल्यापासून चार तासांत साल ड्रायरमध्ये. तेवढ्यात जमणार नसेल तर दोन मिनिटे वाफ द्या. पाण्यात उकळू नका. पाणी पिवळेधमक होते म्हणजे माल त्या पाण्यात गेला. रात्रपाळीची साल सकाळी वाळवू, असे करायचे असेल तर ती साल या कामातून बाजूला काढा. तिचा उपयोग पुढे सांगतो.

कोणती साल घ्यायची हे वाळवण्याहूनही महत्त्वाचे आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तेल्या (फळावर काळे तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) आलेल्या बागेत कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रणाचे फवारे झालेले असतात, शिवाय स्ट्रेप्टोसायक्लीन, ब्रोनोपॉल ही जिवाणूनाशके. दाणा खाणाऱ्याला याचा फार त्रास नाही, कारण फवारा बसतो सालीवर. आपण नेमकी तीच साल खायला देणार आहोत. त्यात वाळवल्यावर सगळे दाट होते. हिशेब साधा आहे: ताज्या सालीत ७० टक्के पाणी धरले तर १०० किलोत घन भाग ३० किलो, आणि ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवल्यावर हाती येते ३२.६ किलो. म्हणजे सालीवरचा प्रत्येक अवशेष तिप्पट. ताज्या फळाच्या चाचणीत पास झालेली बाग पावडरीच्या चाचणीत नापास होते ती यामुळे. युरोपात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. प्रक्रिया केलेल्या मालाला ओलावा कमी झाल्याचा हिशेब धरून सूट मिळते, पण तो हिशेब तुम्हाला कागदावर दाखवावा लागतो.

तेव्हा पहिल्या हंगामासाठी चार-पाच बागा ठरवा, ज्यांची फवारणीची वही धड आहे. अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) अनारनेट या बागनोंदणीत नोंद झालेल्या असतील तर उत्तम. फळ तोडण्याआधीच्या ६० दिवसांतला प्रत्येक फवारा तारखेसह लिहून घ्या. तेल्याचे काळे डाग असलेली, चिरलेली, बोरर अळी लागलेली आणि देठाकडे मऊ पडलेली फळे सोलण्याआधीच वेगळी करा. बाहेरून निरोगी आणि आत काळे दाणे निघाले तर ते अल्टरनेरिया बुरशीचे लक्षण. त्या फळाची साल निरोगी दिसली तरी घ्यायची नाही, कारण बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही. सोलणाऱ्या बायकांच्या टेबलाखाली दोन वेगळ्या रंगांची क्रेट ठेवली की हे आपोआप होते. एकाच क्रेटमध्ये टाकून ‘नंतर निवडू’ म्हटले तर कुणी निवडत नाही.

फळ सोलण्याआधी धुवा. १०० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटे, मग साध्या पाण्यात. ताम्रयुक्त फवाऱ्याचा पांढरट-निळा थर देठाच्या विरुद्ध टोकाला असलेल्या मुकुटात अडकून बसतो, म्हणून मुकुट कापून टाका. तो आपल्याला कशालाच नको.

आता ड्रायर. बाजारात सहज मिळतो तो ९६ ट्रेचा, ३२ बाय १६ इंचाचा ट्रे. एका ट्रेचे क्षेत्र ०.३३ चौरस मीटर, म्हणजे सगळे मिळून ३२ चौरस मीटर. साल पाच मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या पट्ट्यांत कापून चौरस मीटरला पाच किलो पसरली तर एका घाण्यात १६० किलोच्या आत बसते. ५५ अंशावर १२ तास धरा. दिवसाचे दोन घाणे म्हणजे साधारण ३१५ किलो ताजी साल आणि त्यातून १०० किलोच्या वर थोडी वाळलेली. थोडक्यात, एक ९६ ट्रेचा ड्रायर तुमच्या रोजच्या सालीचा तिसरा भागच संपवतो. सगळी साल पावडर करू हे गणित पहिल्याच दिवशी डोक्यातून काढा. त्याची गरजही नाही.

विजेचा हिशेबही करून ठेवा, परदेशी भागीदार तो विचारतोच. ३१५ किलोतून २१२ किलो पाणी उडवायचे आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सिद्धांताने ०.६५ युनिटच्या आसपास लागते. ट्रे ड्रायरमध्ये गळती धरून त्याच्या दुप्पट, १.३ धरा. दिवसाला पावणेतीनशे युनिट, म्हणजे किलो वाळलेल्या सालीला पावणेतीनच्या आसपास. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवाच ४२ अंशांवर असते आणि कोरडी असते, तेव्हा सौर तापकातून हवा आत घेतली तर हा आकडा चांगलाच खाली येतो. पण आंबे बहराचे (बहर म्हणजे झाडाला फुले धरण्याचा हंगाम) फळ जून ते ऑगस्टमध्ये येते, हवेत ओल असते, आणि तेव्हा नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहिलात तर तिसऱ्या दिवशी सालीवर पांढरी लव दिसेल. मृग आणि हस्त बहराचा माल थंडीत किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, तेव्हा हा प्रश्न नसतो. ताडपत्रीवर अंगणात वाळवायचे मात्र कोणत्याच बहरात नाही. धूळ येते, माती येते, मातीबरोबर जंतू आणि लोह येते.

तापमान ६० च्या वर नेले की वेळ वाचतो आणि प्युनिकॅलाजिन जाते. ४५ च्या खाली ठेवले तर साल बराच वेळ ओलीकोमट राहते आणि विकराला मोकळे रान मिळते. बाहेरून कडक आणि आत ओलसर, असेही होते; पट्ट्या जाड असल्या की हमखास. ओळखायचे कसे? पट्टी वाकवा. कटकन मोडली तर झाली. वाकून मग मोडली तर आणखी दोन तास. हा अंदाज झाला. नोंदीसाठी ओलावामापक हवाच, आणि पाण्याची क्रियाशीलता (मालातले किती पाणी बुरशीला वापरता येते त्याचे माप) मोजणारे यंत्र कुठे वापरायला मिळाले तर ती ०.५ च्या खाली आहे हे पाहा. ०.६ च्या वर बुरशीचा धोका सुरू होतो.

दळताना स्टीलची चक्की, ३०४ किंवा ३१६ प्रतीची. गावातल्या लोखंडी चक्कीत डाळिंबाची साल दळली तर पावडर करडी-काळी पडते, कारण टॅनिन आणि लोह मिळून शाई तयार होते. जुन्या काळची काळी शाई याच रसायनाची. तीच गोष्ट पाण्याची: बोअरच्या जड, लोहयुक्त पाण्यात अर्क काढायला गेलात तर पिवळ्याऐवजी मळकट पाणी मिळेल. आरओचे पाणी घ्या.

अर्क तुम्ही काढायचाच नाही, असे माझे मत आहे. निदान पहिली दोन वर्षे नाही. तुमचे काम शुद्ध, नोंद असलेली वाळलेली साल. तरी भागीदार काय करणार ते समजावे म्हणून सांगतो. ४० मेशची पावडर, पंधरा पट पाणी, ५० अंश, अर्धा तास, असे दोनदा. गाळून निर्वात भांड्यात ६० च्या आत आटवायचे आणि स्प्रे ड्रायरने पावडर करायची, त्यात माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासूनची पावडर मिसळावी लागते कारण नुसता अर्क हवेतली ओल शोषून गोळा होतो. नव्वद अंशाला तासन् तास उकळणारा माणूस ‘जास्त उतारा मिळाला’ म्हणतो आणि भांड्याच्या तळाशी जो पिवळट-करडा गाळ बसतो तो इलॅजिक ॲसिड असतो. अल्कोहोल वापरून उतारा सुधारतो, पण इथे त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. दाणे सोलणाऱ्या युनिटने त्या वाटेला जाऊ नये.

मोजमापाबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण दोन देशांतले वाद इथेच सुरू होतात. ‘एकूण फिनॉल इतके टक्के’ हा आकडा फोलिन पद्धतीने येतो. ती पद्धत साखर, क जीवनसत्त्व, जे जे क्षपण करते ते सगळे मोजते. शिवाय एक प्रयोगशाळा गॅलिक ॲसिडच्या तुलनेत सांगते, दुसरी टॅनिक ॲसिडच्या; एक कोरड्या वजनावर, दुसरी आहे त्या वजनावर. एकाच पोत्यातले दोन आकडे दीडपट वेगळे येतात आणि दोघेही बरोबर असतात. म्हणून करारातच लिहा: एचपीएलसी (द्रव्ये वेगळी करून एकेक मोजणारी यंत्रपद्धत), प्युनिकॅलाजिनच्या आल्फा आणि बीटा या दोन्ही शिखरांची बेरीज, ३७८ नॅनोमीटर, कोरड्या वजनावर, तिहेरी चाचणी. प्युनिकॅलाजिन आलेखावर दोन शिखरांत दिसते. नवशिका एकच मोजतो आणि माल हलका ठरवतो.

एक इशारा. बाजारात ‘डाळिंब अर्क, ४० टक्के इलॅजिक ॲसिड’ अशी पोती मिळतात. इलॅजिक ॲसिड भरपूर आणि प्युनिकॅलाजिन जवळपास शून्य असेल तर ते दुसऱ्या एखाद्या स्वस्त वनस्पतीतून आणून मिसळलेले असण्याची शक्यता दाट. तुमची साल खरी आहे हे सिद्ध करणारी गोष्ट हीच दोन शिखरे आहेत, म्हणून त्यांचा आलेख, नुसता आकडा नव्हे, प्रत्येक वेळी मागून घ्या.

नमुना कसा काढायचा? एका घाण्याच्या सगळ्या ट्रेमधून थोडे थोडे घेऊन किलोभर दळा, कागदावर ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळा, पुन्हा चार भाग. २०० ग्रॅमच्या आसपास आलात की त्याचे चार पाकिटांत वाटप: एक परदेशी भागीदाराला, एक भारतीय संस्थेच्या प्रयोगशाळेला, एक वाद झाल्यास तिसऱ्याकडे द्यायला, आणि एक तुमच्याकडे, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये, सील करून. पाकीट ॲल्युमिनियमच्या थराचे. वर सांकेतिक क्रमांक, उदाहरणार्थ ‘भग-आं-सां३-१४०८-ब’: भगवा, आंबे बहर, सांगोल्यातली तिसरी बाग, १४ ऑगस्ट, दुसरा घाणा. त्याच क्रमांकाखाली वहीत सोलण्याची वेळ, ड्रायरमध्ये गेल्याची वेळ, तापमान, ओलावा, फवारणीची यादी. पाच किलोची मागणी मुळात कशाला हे त्यांना विचारा. रासायनिक चाचणीला ५० ग्रॅम पुरतात. पाच किलो लागतात ते पदार्थ बनवून पाहायला, आणि तो पुढचा टप्पा आहे.

बहराची नोंद का? एकाच झाडाच्या वेगवेगळ्या बहरांत सालीची जाडी, रंग आणि टॅनिन बदलतात. स्पेनचे लोक ज्या डाळिंबावर वाढले ते एल्चे भागातले मोयार, फिके आणि गोड. त्यांच्या कोष्टकात भगवा बसेलच असे नाही. इथेच तुमची बाजू जड आहे: एका वाणाचे तिन्ही बहर, नोंदीसकट, हे त्यांना त्यांच्या देशात मिळणार नाही.

आता कागद. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली परदेशी संस्थेला भारतातली जैविक सामग्री संशोधनासाठी घ्यायची असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. ‘डाळिंब तर बाजारात विकतात, त्याला कसली परवानगी?’ हा नेहमीचा गैरसमज. व्यापारी माल म्हणून विकायला सूट आहे. संशोधनासाठी द्यायला ती सूट लागू होत नाही. कायद्यात दुसरी वाट कलम ५ ची आहे: दोन देशांतल्या संस्थांचा संयुक्त प्रकल्प केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मंजूर असेल तर वेगळी मंजुरी लागत नाही. पण ती वाट संस्थांसाठी आहे, तुमच्या कंपनीसाठी नाही. म्हणून मधे भारतीय संस्था हवीच, आणि ती तुमच्या दारात आहे: केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, २००५ पासूनचे. सोलापूर विद्यापीठही आहे. दोघांपैकी कुणाला तरी मुख्य भारतीय भागीदार करा आणि तुम्ही कच्चा माल देणारे व नोंदी ठेवणारे भागीदार व्हा. यात कमीपणा काही नाही. उलट परवानगीचे, नमुना पाठवण्याचे, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचे ओझे त्यांच्याकडे जाते.

कायद्याची दुरुस्ती २०२३ ची, लागू १ एप्रिल २०२४ पासून, आणि नवे नियमही २०२४ चे. इंटरनेटवर पडलेले जुने अर्ज भरत बसू नका. उल्लंघनाला आता तुरुंगाऐवजी दंड आहे, पण तो १ लाखापासून ५० लाखांपर्यंत जातो. बिनपरवाना पाठवलेला माल समोरच्यालाही अडचणीचा असतो. स्पेन नागोया करारात (जैविक सामग्री आणि तिचा लाभ वाटून घेण्याचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, आणि युरोपच्या ५११/२०१४ या नियमाने तिथल्या संशोधकाला सामग्री कायदेशीर मार्गाने आली हे दाखवावे लागते. जो प्राध्यापक ‘कुरियरने पाठवा, काही होत नाही’ म्हणतो त्याला बहुधा त्याच्याच संस्थेच्या कायदा विभागाने अजून गाठलेले नाही.

एक भाषेची भानगड, जिच्यात पार्सल खरोखर अडकते. मराठीत ‘साल’ फळाचीही आणि झाडाचीही. भाषांतर करणाऱ्याने झाडाच्या सालीचा शब्द घातला तर कागदावर वेगळीच वस्तू होते. ती निरुपद्रवीही नाही: डाळिंबाच्या खोडाच्या आणि मुळाच्या सालीत पेलेटिएरिन जातीची अल्कलॉइड्स असतात, पूर्वी जंतांवर वापरत, जास्त झाली तर विषारी. मूळ मराठी कागदावरच ‘फळाचे टरफल’ लिहा आणि शेजारी ‘प्युनिका ग्रॅनॅटम’ हे शास्त्रीय नाव.

करारात इतके तरी हवे: उरलेली सामग्री परत करणे किंवा नष्ट करणे; तिसऱ्या संस्थेला लेखी संमतीशिवाय न देणे; शोधनिबंधात भारतीय संस्थेची लेखक म्हणून आणि तुमच्या कंपनीची किमान नावानिशी नोंद; आधीचे ज्ञान कुणाचे आणि प्रकल्पातून निघालेले कुणाचे याची स्वतंत्र यादी. पेटंटसाठी प्राधिकरणाची पायरी वेगळी आहे, ती मुदतीआधी लक्षात ठेवा. सालीचा काढा जुलाबावर देतात हे आपल्याकडे जुनेच आहे, त्यावर कुणाला नवे पेटंट मिळू नये. हळदीवरचे १९९५ चे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने जुने दाखले दाखवून रद्द करवून घेतले होते, त्यानंतर पारंपरिक ज्ञानाची डिजिटल सूची उभी राहिली. पेटंट निघालेच तर ते पद्धतीवर निघेल: कोणत्या तापमानाला, कोणत्या टप्प्यात. म्हणजे तुमच्या ड्रायरच्या वहीला इथेही किंमत आहे.

पैशांचे थोडक्यात. युरोपच्या होरायझन युरोप कार्यक्रमात भारतीय संस्था सहभागी होऊ शकते, पण पैसे आपोआप मिळत नाहीत; बहुतेक वेळा आपल्या बाजूचा खर्च आपल्या खात्याकडून मिळवावा लागतो. द्विपक्षीय योजना जास्त सोप्या. जर्मनीबरोबरच्या आयजीएसटीसी या संयुक्त विज्ञान केंद्राची ‘२+२’ योजना, म्हणजे दोन्ही देशांतून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग, तुमच्यासारख्यांना साजेशी आहे. फ्रान्सबरोबर १९८७ पासून सेफिप्रा हे संयुक्त संशोधनाला पैसे देणारे केंद्र आहे. परदेशी रक्कम थेट कंपनीच्या खात्यात घेण्याआधी सीएला विचारा.

माणसांवरची चाचणी हा या विषयातला सर्वांत सुरस आणि सर्वांत जास्त फसलेला भाग. प्युनिकॅलाजिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. आतड्यातले जीवाणू त्याचे युरोलिथिन बनवतात, आणि सगळ्यांच्या पोटात ते सारखे बनत नाहीत. स्पेनमधल्या मुर्सियाच्या सेबास-सीएसआयसी या संशोधन संस्थेच्या गटाने माणसांचे तीन गट दाखवले: एक मुख्यतः युरोलिथिन-ए बनवणारा, दुसरा त्याबरोबर आयसोयुरोलिथिन-ए आणि बी बनवणारा, आणि तिसरा शेवटची पायरी न गाठणारा. तिघांना एकच मात्रा दिली आणि सरासरी काढली तर ‘परिणाम नाही’ असे उत्तर येते. म्हणून स्पेनमधल्या स्वयंसेवकांवरचा निकाल सोलापूरच्या माणसाला लावता येत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाचटणी खाणारे पोट वेगळे. संयुक्त संशोधनाला खरा अर्थ आहे तो इथे, आणि स्थानिक गट चाचणीत असावा हा आग्रह तुमच्या बाजूने धरा.

चाचणीआधी आठवडाभर प्युनिकॅलाजिनच्या जातीचे काही खायचे नसते. परदेशी प्रश्नावलीत डाळिंब, अक्रोड, स्ट्रॉबेरी, रास्पबेरी असतात. रास्पबेरी मंगळवेढ्यात कोण खातो? आपल्याकडे विचारायचे ते त्रिफळा चूर्ण, हिरडा, आवळा, जांभूळ. हिरड्यात या जातीची टॅनिन भरपूर आहेत, आणि रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा घेणारा माणूस ते ‘औषध’ म्हणून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नाही. तो प्रश्न नावानिशी विचारावा लागतो. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेले, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेले लोक बाहेर ठेवा. सीटीआरआयमध्ये (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंद आणि नैतिक समितीची मंजुरी पहिला स्वयंसेवक येण्याआधी. परदेशी सहभाग असलेल्या वैद्यकीय संशोधनाला आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेकडची छाननी वेगळी. हे सगळे वैद्यकीय महाविद्यालयाने करायचे आहे, कंपनीने नव्हे.

पॅकेटवर काय छापायचे? आत्ता काहीच नाही. डाळिंबाच्या नावाने हृदयरोग, कर्करोगावरचे दावे करणाऱ्या पॉम वंडरफुल या अमेरिकी कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती मुख्यतः कायम ठेवली. इतके संशोधन पाठीशी असूनही पुरावा अपुरा ठरला. युरोपात आरोग्यदाव्यांना १९२४/२००६ हा नियम आहे. त्याच्या आधीची पायरी म्हणजे नव्या अन्नाचा २०१५/२२८३: १५ मे १९९७ पूर्वी युरोपात तो पदार्थ पुरेसा खाल्ला जात नव्हता तर आधी मंजुरी. परदेशात २५ वर्षे खाल्ल्याचा इतिहास दाखवला तर सोपी वाट आहे, पण तो ‘अन्न’ म्हणून खाल्ल्याचा हवा. आपला सालीचा काढा औषधात मोडतो, तो इथे धरत नाहीत, आणि अनारदाणा हा दाणा आहे. हे भागीदाराने तपासून लेखी द्यावे. नाहीतर पाच वर्षांनी तयार माल आणि बंद दार. भारतात विकायचे तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सध्याचे न्यूट्रास्युटिकल (आरोग्यपूरक पदार्थांचे) नियम पाहा.

आता नासाडीचा मुद्दा, कारण प्रस्तावात तो मोठ्या अक्षरांत असेल. शाश्वत विकासाचे १२.३ हे उद्दिष्ट किरकोळ विक्री आणि घरातली नासाडी २०३० पर्यंत निम्मी करण्याचे. त्याआधीच्या साखळीतले नुकसान नुसते ‘कमी करणे’ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये दुकान, खानावळी आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, पण त्या मोजणीत टरफलासारखे न खाण्याचे भागही धरलेले आहेत. तुमच्या प्रकल्पात दोन आकडे वेगळे ठेवा: खाण्याजोगे पण फेकलेले फळ, आणि साल. दोन्ही एकत्र करून ‘आम्ही वर्षाला इतके टन अन्न वाचवले’ लिहिणे ही फसवणूक नसली तरी तिची शेजारीण आहे. खरे नुकसान बागेत चिरलेल्या फळाचे आहे. फळ मोठे होताना पाण्याचा ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, याने ते चिरते. बोरॉनची कमतरता भर घालते. ठिबकचे वेळापत्रक सुधारून जे वाचेल ते कुठल्याही अर्कापेक्षा लवकर हातात येते. चिरलेले पण स्वच्छ फळ २४ तासांत सोलून अनारदाण्याला लावा.

उरलेल्या दोन तृतीयांश सालीचे काय? काही भाग रंगाला. सोलापुरात टॉवेल आणि चादरी विणणाऱ्यांना नैसर्गिक रंगाची मागणी येते. कापडाच्या वजनाच्या ३० टक्के वाळलेली साल तासभर उकळून, तुरटीवर पिवळा आणि हिराकसावर करडा-खाकी. हिराकस दोन-तीन टक्क्यांच्या वर नको, सुताची ताकद जाते. या कामाला रात्रभर पडलेली तपकिरी सालही चालते. बाकी खताला, पण शेणाच्या ढिगात एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. टॅनिन जीवाणूंना आवरते आणि ढीग गरमच होत नाही. बायोगॅसमध्ये त्याहून कमी, नाहीतर गॅस बसतो. शेळ्यांना थोडी चालते. भरपूर घातली की टॅनिन प्रथिने बांधून ठेवते आणि दूध कमी होते.

मेलला उत्तर आजच द्या, आणि त्यात इतकेच लिहा: आम्हाला रस आहे, सामग्री आमच्या भारतीय भागीदार संस्थेमार्फत, जैवविविधता कायद्याप्रमाणे मंजुरी झाल्यावर मिळेल, पहिल्या टप्प्यात एका वाणाच्या तिन्ही बहरांचे ५० ग्रॅमचे नमुने, प्रत्येकाच्या नोंदीसह, कृपया तुमची एचपीएलसी पद्धत, वापरलेले प्रमाणद्रव्य (माप जुळवायचे शुद्ध द्रव्य) आणि नव्या अन्नाच्या नियमाबाबत तुमच्या कायदा विभागाचे मत पाठवा. मग केगावला फोन करा आणि सोलण्याच्या टेबलाखाली दुसऱ्या रंगाचे क्रेट आणून ठेवा.